मुळांची वाढ आणि पॉलिअमाइने

(कृषी कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले भाषण)



मुळांविषयी बोलताना खत आणि पाणी यांच्यापलीकडे आपण क्वचितच जातो. आज मी मुळांच्या पेशींतच तयार होणाऱ्या काही लहान रेणूंविषयी बोलणार आहे. पुट्रेसिन, स्पर्मिडीन व स्पर्मिन ही त्यांची नावे. पहिले नाव कुजण्याच्या दुर्गंधीवरून पडले आहे, पण त्याने बिचकण्याचे कारण नाही. ते सजीव पेशींतही असतेच.

आर्जिनीन व ऑर्निथीन या अमिनो आम्लांपासून वनस्पती पुट्रेसिन बनविते आणि त्यापासून पुढची दोन. पेशीत या रेणूंवर धन विद्युतभार असतो, तर डीएनए, आरएनए यांच्यावर ऋण. म्हणून ते त्यांना बिलगून स्थैर्य देतात. मुळाच्या टोकाशी पेशीविभाजन जोराने चालते, तेथे त्यांची निकड विशेष. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या रोपात स्पर्मिडीन बनविणारी दोन्ही जनुके निकामी झाली, तर बीजातील गर्भच पुरा वाढत नाही, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. मूळ फुटण्याची वेळच येत नाही!

डाळिंबाच्या गुटीला रोपवाटिकेत जे इंडोल ब्युटिरिक आम्ल लावतात, तेच मुगाच्या मूळ छाटलेल्या रोपांना दिले असता त्यांच्या बुडाशी पुट्रेसिन वाढते, असे १९८० नंतरच्या प्रयोगांत आढळले.

मग हे द्रव्यच बाटलीत भरून पिकाला का देऊ नये? येथे सावध राहिले पाहिजे. वाजवीपेक्षा अधिक मात्रेने मुळांची वाढ खुंटते. पॉलिअमाइनांचे विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते, आणि ते पेशीभित्ती कठीण करण्यास कारण ठरते; कठीण भित्तीची पेशी लांबणार कशी? दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पालाश कमी पडलेल्या बार्लीत पुट्रेसिन साचते, हे १९५२ मध्येच नोंदले गेले. पालाशाच्या धनभाराची उणीव रोप अशा रीतीने काही अंशी भरून काढते. तेव्हा पुट्रेसिन वाढले म्हणजे मूळ सुदृढ झाले, असा हिशेब मांडता येत नाही. कित्येकदा ते उपासमारीचे लक्षण असते.

म्हणून ‘मुळे वाढविणारे औषध’ घ्यावे काय, असे शेतकऱ्याने विचारले तर त्याच्या मातीचा तपासणी अहवाल प्रथम मागवावा. पालाश कमी असेल तर तो पैसा पालाशावर खर्च व्हावा.

शिक्षकांना एक सुचवितो. मुगाच्या आठवडाभराच्या रोपांची मुळे छाटून, पाने ठेवून, ती पेल्यातील पाण्यात उभी करावीत. छाटलेल्या जागेच्या वर नवी मुळे फुटू लागतील; ती मुलांकडून रोज मोजून घ्यावीत.