ओझें कोणाच्या खांद्यावर?



रात्रीं दिवा मालवला म्हणजे दिवसाचीं कामें थांबतात, पण त्यांचें ओझें उतरत नाहीं. मुलाचें दुखणें, डोक्यावरचें देणें, कोणाच्या जिव्हारीं लागलेला आपला एखादा कठोर शब्द, हीं सारीं अंथरुणाशीं आपल्याबरोबर जागीं असतात. हा भार ईश्वरावर टाकावा असें आपण लहानपणापासून ऐकतों. तो टाकावा कसा, हा खरा प्रश्न आहे. एका मराठी स्त्रीच्या आयुष्यांत तो कसा सुटला, तें आज पाहूं.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. 1874 सालीं दुष्काळाच्या हालांत आईबाप गेले, 1880 सालीं भाऊ गेला, 1882 सालीं पति निवर्तले आणि पदरीं लहानगी मनोरमा राहिली. 1883 सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आतां मन हलकें झालें असेल, असें आपणांस वाटेल. परंतु बाईंनीं स्वतःच पुढें प्रांजळपणें लिहून ठेवलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता! विद्या होती, त्याग होता, 1889 सालीं मुंबईस काढलेलें शारदासदन होतें. शांति मात्र नव्हती. अशीं सुमारें आठ वर्षें लोटलीं. अखेर स्वतःचें बळ सरलें, तेव्हां त्या कोणतीही अट न घालतां प्रभूस शरण गेल्या.

शरण जाणें म्हणजे हातपाय गाळणें, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर बाईंच्या पुढील चरित्रांतच आहे. 1893 सालीं धर्मांतराच्या प्रश्नावरून सदनाविरुद्ध लोकक्षोभ झाला. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळांतून निघाले. तरीही 1896-97 च्या दुष्काळांत बाईंनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुलींना व स्त्रियांना आणून आश्रय दिला. केडगांवच्या त्या वसाहतीचें नांव 'मुक्ति'! 1921 सालीं मनोरमाही गेली. तें दुःख उरीं घेऊन त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेलें बायबलचें मराठी भाषांतर तडीस नेलें आणि 1922 सालीं देह ठेवला.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायांत येशू भारानें थकलेल्यांस बोलावतो आणि विसाव्याचें वचन देतो. पण त्याच दमांत आपलें जूं घ्यावयासही सांगतो. हें विसंगत वाटतें खरें. पण जूं बहुधा दोघांच्या मानेवर असतें, हें आपल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. काम तेंच राहतें, एकटेपण जातें. खालीं ठेवावयाचें तें कर्तव्य नव्हे. आपण योग्य आहों कीं नाहीं याचा रात्रंदिवस चाललेला हिशेब आणि फळाची धास्ती, हीं खालीं ठेवावयाचीं.

म्हणून आज निजण्यापूर्वीं इतकेंच करूं. ज्याची क्षमा मागावयाची त्याची ती उद्यां मागण्याचा निश्चय करावा. जें देणें आहे त्याची तजवीज योजावी. आणि जें आपल्या हातचें नाहीं, तें नांव घेऊन प्रभूच्या स्वाधीन करावें. सकाळीं तेंच मनांत पुन्हा उभें राहील, तर पुन्हा स्वाधीन करावें. रमाबाईंनाही आठ वर्षें लागलीं होतीं.