व्रत नव्हे, व्याधि नव्हे



पंचविशी-तिशीच्या घरांतला मुलगा किंवा मुलगी लग्नाला नको म्हणूं लागली, कीं कुटुंबांत त्या नकाराचा अर्थ लावण्याचें काम सुरू होतें. कोणी म्हणतें, बाहेर कोठें तरी मन गुंतलें असेल. कोणी म्हणतें, प्रेमभंगाचा धक्का बसला असेल. कोणाला सेवेचें अगर संन्यासाचें वेड दिसूं लागतें; आणि स्वयंपाकघरांत दबलेल्या आवाजांत चौथी शंका निघते, कीं शरीरांत कांहीं उणें तर नसेल ना? या चारांपैकीं एकहि अर्थ ज्यांना लागू पडत नाहीं अशीं माणसें जगांत आहेत. दुसऱ्या व्यक्तीविषयीं कामाकर्षण म्हणून जें म्हणतात, तें त्यांना वाटतच नाहीं. अशा माणसांकडे समाज कोणत्या दृष्टीनें पाहतो, आणि ती दृष्टि तशी कां आहे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय नाजूक आहे हें मी जाणतों. परंतु महाराष्ट्राला अशी चर्चा परकी नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें, त्यापायीं कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. कामजीवनाविषयीं उघडपणें व शास्त्राला धरून बोलतां येतें हें त्यांनीं दाखवून दिलें. ज्या समाजाला इच्छेविषयीं बोलतां येतें, त्याला इच्छेच्या अभावाविषयींहि बोलतां आलें पाहिजे.

प्रथम शब्दाचा खुलासा करूं. इंग्रजींत अशा माणसांना 'एसेक्शुअल' म्हणतात. मराठींत 'अलैंगिक' हा शब्द वापरतात. शाळेंत अमीबाचें अलैंगिक प्रजनन शिकलेल्यांना तो जरा चमत्कारिक वाटेल, परंतु येथें त्याचा अर्थ निराळा आहे. कोणाचें मन स्त्रीकडे ओढ घेतें, कोणाचें पुरुषाकडे, कोणाचें दोहोंकडे. यांचें मन तशी ओढ कोणाकडेच घेत नाहीं. त्यांतहि छटा आहेत. कोणाला ही ओढ अगदीं क्वचित् वाटते. कोणाला दीर्घ सहवासानें जिव्हाळा जडल्यावरच वाटते. शिवाय कामाकर्षण आणि प्रेम यांची गल्लत करूं नये. कोणी तरी आपलें असावें, त्याच्याबरोबर सुखदुःख वाटून घ्यावें, असें अलैंगिक माणसांपैकीं पुष्कळांना उत्कटतेनें वाटतें. कित्येकांना तसेंहि वाटत नाहीं. मैत्री, वात्सल्य, आईबापांविषयींची माया यांना मात्र या अभावाचा कांहीं स्पर्श होत नाहीं.

हें एखादें नवें खूळ आहे अशी समजूत कोणाची असल्यास शास्त्राचा इतिहास तिला आधार देत नाहीं. क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञानें १८८६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत कामसंवेदनेच्या अभावाची नोंद केली आहे; अर्थात् विकृति म्हणून. १९४८ सालीं अमेरिकेंत आल्फ्रेड किन्से व त्यांचे सहकारी यांनीं पुरुषांच्या कामजीवनाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत शून्य ते सहा अशी एक मोजपट्टी आहे: शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी ओढ, सहा म्हणजे केवळ समलिंगी. या पट्टीवर कोठेंच न बसणारीं कांहीं माणसें आढळलीं, तेव्हां त्यांच्यासाठीं 'एक्स' हें अक्षर योजण्यांत आलें, आणि अहवाल पुढच्या प्रश्नाकडे वळला. १९८० सालीं मायकेल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञानें एका पट्टीऐवजीं दोन पट्ट्या सुचविल्या. भिन्नलिंगी ओढ एकीवर मोजावी, समलिंगी दुसरीवर. मग जीं माणसें दोन्ही पट्ट्यांवर खालींच राहतात त्यांनाहि नकाशावर रीतसर जागा मिळाली.

पुढें २००१ सालीं डेव्हिड जे या अमेरिकन तरुणानें अशा माणसांची एक संघटना उभी केली, आणि आपण जगांत एकटेच असे आहों असें समजणाऱ्यांची एकमेकांशीं गांठ पडूं लागली. २००४ सालीं कॅनडांतील ब्रॉक विद्यापीठाचे अँथनी बोगार्ट यांनीं ब्रिटनमधील १८,००० हून अधिक लोकांच्या पाहणींतलीं उत्तरें तपासलीं. आपल्याला कधींहि, कोणाहिविषयीं कामाकर्षण वाटलेलें नाहीं, अशा आशयाचें उत्तर निवडणारे लोक त्यांत सुमारें १ टक्का निघाले. हा ब्रिटनचा आंकडा आहे. आपल्या देशाला तो जसाच्या तसा लावूं नये. तथापि शंभरांत एक हें प्रमाण डोळ्यांपुढें ठेवलें, तर हीं माणसें दूरच्या बेटावर राहत नसून आपल्याच आळींत राहत असलीं पाहिजेत, एवढें समजायला तें पुरेसें आहे.

मग हा रोग म्हणावा काय? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथांत १९८० सालापासून कामेच्छेची न्यूनता हा विकार म्हणून नोंदला गेला. परंतु त्याच ग्रंथाच्या २०१३ सालच्या पांचव्या आवृत्तींत असा स्पष्ट खुलासा आहे, कीं इच्छेचा हा अभाव जन्मभराचा असेल व ती व्यक्ति स्वतःला अलैंगिक समजत असेल, तर तिच्यावर हें निदान लादूं नये. कॅनडांतीलच लोरी ब्रॉटो व मोराग यूल या संशोधकांनीं २०११ सालीं एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अलैंगिक स्त्रियांचें शरीर इतर स्त्रियांच्या शरीराप्रमाणेंच प्रतिसाद देतें, असें त्यांना आढळलें. शरीराचें यंत्र बिघडलेलें नसतें. ओढीला कोणी व्यक्ति लाभत नाहीं, इतकेंच. अर्थात् पूर्वीं असलेली इच्छा एकाएकीं नाहींशी झाली, किंवा तिच्या अभावाचें त्या माणसालाच दुःख होऊं लागलें, तर वैद्याकडे अवश्य जावें. ती गोष्ट निराळी. पण ज्याचें त्याला दुःख नाहीं, त्याला दुखणें म्हणून औषध पाजण्यांत अर्थ नाहीं.

शास्त्र येथवर आलें. समाजाचें मन मात्र मागेंच आहे. ब्रॉक विद्यापीठांतच कारा मॅकिनिस व गॉर्डन हॉडसन यांनीं निरनिराळ्या कलांच्या माणसांविषयीं लोकांची मतें अजमावलीं आणि २०१२ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. इतर लैंगिक अल्पसंख्याकांपेक्षांहि अलैंगिक माणसांविषयींचें मत अधिक प्रतिकूल निघालें. उत्तरें देणाऱ्यांना तीं माणसें यंत्रासारखीं भावनाशून्य वाटलीं, आणि त्याच वेळीं पशूंसारखीं असंस्कृतहि वाटलीं! यंत्र आणि पशु हीं दोन्ही विशेषणें एकाच माणसाला एकदम कशीं लागूं शकतील? केवळ अविवाहितांविषयींचा आकस, अगर अपरिचितांविषयींची भीति, एवढ्यानें याचा उलगडा होत नव्हता, हेंहि त्या संशोधकांनीं पडताळून पाहिलें होतें.

कॅनडांतल्या या लोकांना हंसण्याचें आपल्याला कारण नाहीं. आपल्या भाषेंत पुरुषासाठीं 'षंढ' आणि स्त्रीसाठीं 'थंड' हे शब्द तयारच आहेत, आणि ते शिवीप्रमाणें वापरले जातात. पण आपल्याकडे आणखीहि एक नवल आहे. कामापासून दूर राहणाऱ्या माणसाला आपली परंपरा नुसतें सहन करीत नाहीं, तर डोक्यावर घेते. देवव्रतानें बापासाठीं आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली, म्हणून तो भीष्म झाला. मंगलाष्टकांतला 'सावधान' हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या मुलाची आख्यायिका आपण घरोघर कौतुकानें सांगतों. तो मुलगा पुढें समर्थ रामदास झाला. आणि आज एखादी शिक्षिका किंवा एखादा कारकून तितकेंच दूर राहून शांतपणें म्हणेल, कीं मी व्रत वगैरे कांहीं घेतलेलें नाहीं, मला ती ओढच नाहीं, तर आपण त्याला आदर देत नाहीं. दवाखान्याची चिठ्ठी देतों. वर्तन तेंच असून व्रताच्या नांवानें तें वंदनीय होतें, आणि स्वभावाच्या नांवानें लज्जास्पद. असें कां व्हावें?

मला याचें उत्तर असें दिसतें. ब्रह्मचर्याचें व्रत हें वासनेच्या सत्तेला दिलेली एक प्रकारची मान्यताच आहे. वासना सर्वांना आहे, ती बलाढ्य आहे, आणि हा वीर तिला जिंकतो, असें तें व्रत सांगतें. म्हणून व्रती माणसानें आपल्या नियमाला धक्का बसत नाहीं. अलैंगिक माणूस मात्र कांहीं जिंकत नाहीं, कारण त्याला कोणाशीं झगडायचेंच नसतें. 'सर्वांना' या शब्दाला त्याच्या नुसत्या असण्यानें बाध येतो. जें आपण मनुष्यमात्राचें लक्षण मानलें तें पुष्कळांचें लक्षण आहे, सर्वांचें नव्हे, अशी दुरुस्ती करावी लागते. ती करण्यापेक्षां त्या माणसालाच अपवाद, आजारी किंवा खोटा ठरविणें सोपें पडतें.

कायद्याच्या इतिहासांतहि हीं माणसें अशीच नजरेआड राहिलीं. समलिंगी संबंध दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाखालीं गुन्हा होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यांतून मुक्त केलें. त्या लढ्यामुळें विषयाला वाचा फुटली. अलैंगिक असणें कधींच गुन्हा नव्हता. म्हणून त्याचा खटला उभा राहिला नाहीं, आणि चर्चाहि झाली नाहीं. त्याचा निवाडा घरांतच होत आला.

तो निवाडा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे: "दोनाचे चार हात झाले, कीं सारें ठिकाणावर येईल." मग पत्रिका निघतात, स्थळें सांगून येतात, आई डोळ्यांस पदर लावते, आणि वर्ष-दोन वर्षांनीं ती मुलगी किंवा तो मुलगा थकून होकार देतो. त्या होकारानें एकाच्या नव्हे, दोघांच्या आयुष्याची ओढाताण सुरू होते. जो जोडीदार घरांत येतो त्याची अपेक्षा चुकीची नसते. आपण आवडत नाहीं, आपल्यांतच कांहीं उणें आहे, असें समजून तो किंवा ती मनांतल्या मनांत झुरते. दुसरें माणूस रोज अपराधी ठरतें, आणि आपला अपराध कोणता हें त्याला सांगतांहि येत नाहीं. प्रकरण कोर्टांत गेलें तर तेथेंहि त्याच्यासाठीं नेमका शब्द नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें नपुंसकत्वामुळें शरीरसंबंध न घडलेला विवाह रद्द ठरवून घेतां येतो. शारीरिक असमर्थता अगर सबळ कारण नसतां दीर्घ काळ शरीरसंबंध नाकारणें ही मानसिक क्रूरता ठरूं शकते, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं समर घोष खटल्यांत म्हटलें आहे. तेव्हां ज्याला ओढच नाहीं असा माणूस असमर्थ अगर क्रूर या दोहोंपैकीं एका सदरांत पडण्याचा संभव असतो. वास्तविक तो दोन्ही नसतो. तो चुकीच्या बोहल्यावर उभा केलेला असतो.

आईबापांची काळजी खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. "आमच्यामागें हिला कोण? म्हातारपणीं पाणी कोण देईल?" हा प्रश्न खरा आहे. परंतु तो सोबतीचा प्रश्न आहे, कामेच्छेचा नव्हे. म्हणून त्याचें उत्तरहि सोबतीच्याच मार्गानें शोधलें पाहिजे. भावंडें, मित्रमैत्रिणी, शेजार, हातांत चार पैसे आणि स्वतःच्या नांवाचें घर, यांनीं तो पुष्कळसा सुटतो. दोघांनींहि आधीं सर्व कांहीं मोकळेपणें सांगून, समजून-उमजून केलेल्या सहजीवनानेंहि तो सुटूं शकतो; अशा सोबतीला कमी प्रतीची मानण्याचें कारण नाहीं. लपवून केलेला विवाह मात्र तो प्रश्न सोडवीत नाहीं. एकाचें एकाकीपण दोघांत वांटतो.

म्हणून लग्नापूर्वीं सत्य सांगण्याची जबाबदारी जशी त्या माणसावर आहे, तशी तें सत्य ऐकून घेण्याची जबाबदारी घरावर आहे. जेथें पहिल्याच वाक्याला "हा काय वेडेपणा!" असें उत्तर मिळतें, तेथें दुसरें वाक्य कोणी बोलत नाहीं. "योग्य माणूस भेटला नाहीं म्हणून असें वाटतें" हें उत्तर दिसायला सौम्य आहे, पण त्यांतहि ऐकून घेणें नाहीं. लाडू आवडणाऱ्या मुलाला आपण पुरावा मागत नाहीं. मग न आवडणाऱ्यालाच तो कां मागावा?

आपल्या घरांतलें कोणी उद्यां असें सांगूं लागलें, तर त्याला सल्ला, औषध किंवा स्थळ देण्याची घाई करूं नये. त्याचें बोलणें पुरें होऊं द्यावें, आणि तें खरें मानावें. यासाठीं शास्त्राचा अभ्यास लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, परंपरेशीं भांडण करण्याचीहि आवश्यकता नाहीं. जो आदर आपण व्रताला देतों, त्यांतला थोडासा स्वभावालाहि द्यावा, इतकीच माझी विनंति आहे.