घरचा संगणक बंद का होत नाही?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हाला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही विषय कळवला आणि ते जरा थबकले. घरचा संगणक बंद होत नाही, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण याच एका गोष्टीपायी आमच्या घरी एक निरपराध मुलगा दोषी ठरला आणि एकवीस कामगारांच्या ग्रॅच्युइटीचा दावा अडचणीत आला. तेव्हा विषय अगदीच आमच्या धंद्याबाहेरचा नाही. आमचे शिक्षण कारखान्यात झाले. संगणकही आम्ही उघडून, बिघडवून आणि वाचून शिकलो. सभेत जाणकार बसले आहेत; त्यांनी सांभाळून घ्यावे.

हकीकत २०१६ सालची. आमच्याकडे एक जुना, दुसऱ्याच्या हातचा संगणक होता. विंडोज ७ वर तो बिनतक्रार चाले. त्या वर्षी जुलैअखेरपर्यंत विंडोज १० फुकट मिळत होते, म्हणून आम्ही ते चढवले. फुकटाचा मोह कोणाला सुटला आहे! तेव्हापासून रात्री 'शट डाउन'वर टिचकी मारली की पडदा काळा होई, पण पेटीतला पंखा घरघरत राही आणि दिवा जळत राही. आतून आवाज येई, "अहो, ते अजून जागंच आहे." मग आम्ही पेटीवरचे बटण चार सेकंद दाबून धरायचे आणि त्याचा गळा आवळायचा. दुरुस्तीवाल्याने वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो बदलून अठराशे रुपये घेतले. दुखणे जसेच्या तसे.

या बटणाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. विंडोज ९५ ज्यांनी वापरले असेल त्यांना आठवेल: बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत निरोप येई, की आता यंत्र बंद करण्यास हरकत नाही, आणि मग माणसाने हाताने खटका पाडायचा. तो खटका खरोखरच वीज तोडी. १९९५ साली एटीएक्स नावाची रचना निघाली आणि पुढे घरोघर तीच रुळली. तिच्यात पुढचे बटण वीज तोडत नाही, नुसती घंटी वाजवते. भिंतीवरचा खटका चालू असेपर्यंत पाच व्होल्टचा एक बारीक पुरवठा आत जागाच असतो, आणि मुख्य वीज केव्हा तोडायची हे संगणकाची कार्यप्रणाली ठरवते. बटण चार सेकंद दाबून धरले तर मात्र कोणालाही न विचारता वीज तुटते. ही सोय आणीबाणीसाठी आहे. आम्ही ती रोजची केली होती.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. कारखान्यात पाळी सुटते तेव्हा भोंगा झाला म्हणून कोणी हातातले काम तिथेच टाकून जात नाही. माल मोजून द्यायचा, हत्यारे जमा करायची, पुढच्या पाळीला चार्ज द्यायचा. संगणकातही 'शट डाउन' म्हणजे भोंगा. प्रत्येक चालू कार्यक्रमाला निरोप जातो. जे लिहिले ते बराच वेळ स्मरणात, म्हणजे कच्च्या वहीत असते. ते तबकडीवर, पक्क्या वहीत उतरायचे असते. मग यंत्राच्या एकेका भागाला चालवणारे ड्रायव्हर आपापला भाग निजवतात. पार्श्वभूमीवर काम करणाऱ्या सेवांना आवराआवर करायला विंडोज एक्सपीच्या काळात वीस सेकंदांची मुदत असे, विंडोज ८ पासून ती पाच सेकंदांवर आली. नोटिशीची मुदत इथेही कमी झाली, हे आमच्यातल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे! तबकडीची मांडणी सांभाळणारी एनटीएफएस ही पद्धत स्वतःची नोंदवही ठेवते, त्यामुळे अवेळी वीज गेली तरी कपाट सहसा मोडत नाही. पण कपाटातला अर्धवट लिहिलेला कागद वाचेलच, याची हमी ती देत नाही.

आमचे तेच झाले. एका रात्री पडद्यावर चाक अजून फिरत होते, आवराआवर चालू होती. पण हाताला सवय लागलेली. आम्ही बटण दाबले. सकाळी ग्रॅच्युइटीची यादी उघडली तर नुसती चित्रविचित्र चिन्हे. बंद पडलेल्या एका शेडमधले एकवीस कामगार, त्यांच्या नेमणुकीच्या तारखा, शेवटचे पगार, सारे तिच्यात. आणि सुनावणी तीन दिवसांवर. सलग पाच वर्षे नोकरी झाली हे दाखवायचे, तर तारखेवाचून दावा लंगडा. आदल्या दुपारी आमचा भाचा त्याच संगणकावर खेळत बसला होता. आम्ही त्याला फाडफाड बोललो. तो एवढेच म्हणाला, "मामा, मी नीट बंद करून गेलो होतो." आम्ही ऐकले नाही. दोन रात्री लोकांच्या पेट्यांतल्या जुन्या पगारचिठ्ठ्या गोळा करून यादी पुन्हा लिहिली. लिहायला तोच मुलगा बसला होता.

सुनावणी पार पडली आणि मग आम्ही शोधाला लागलो. पहिली गोष्ट, गाडी नेमकी कुठे अडते ते पाहावे. अमुक कार्यक्रम बंद होऊ देत नाही, असे पडद्यावर नावानिशी येत असेल तर तो कार्यक्रम आधी बंद करावा, एवढेच. चाक फिरतच राहत असेल तर छापयंत्र, पेनड्राइव्ह काढून पाहावे. तेवढ्याने न भागले तर 'एमएसकॉन्फिग'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा वगळून बाकीच्यांपैकी निम्म्या थांबवाव्यात. दोष गेला तर तो त्या निम्म्यांत, नाहीतर उरलेल्यांत. सोळा असतील तर चार फेऱ्यांत एक हाती लागते. बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होत असेल तर बहुधा बंद होता होता काही कोसळते आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ही खूण त्याला उठवते. ती काढली की चुकीचा मजकूर तरी वाचायला मिळतो.

आमचे दुखणे चौथे: पडदा काळा, पंखा चालू. त्याची मेख अशी, की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' हे पुरते बंद होणे राहिलेच नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर माणसाचे काम मिटवले जाते, पण प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे तबकडीवर उतरवून निजवले जातात, सकाळी लवकर उठता यावे म्हणून. रोज बंद करूनही टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' कित्येक दिवसांचा दिसतो तो यामुळे. उलट 'रीस्टार्ट' मात्र सारे मिटवून नव्याने मांडते. जुन्या यंत्राचा एखादा ड्रायव्हर या अर्धवट निजेला तयार नसतो, आणि वीज तोडण्याचा हुकूम शेवटपर्यंत पोचत नाही. परीक्षा सोपी आहे: शिफ्ट दाबून 'शट डाउन' करावे. तसे केल्यास यंत्र पुरते बंद होते. आमचे झाले, पंख्यासकट! मग कंट्रोल पॅनेलमध्ये, पॉवर ऑप्शन्सच्या पोटात, 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढली. अठराशे रुपयांचे दुखणे एका टिचकीत गेले. मूळ उपाय म्हणजे यंत्रनिर्मात्याकडून ड्रायव्हर नवा घेणे. जुन्या यंत्राला तो मिळतोच असे नाही.

याच शोधात 'इव्हेंट व्ह्यूअर' ही नोंदवही सापडली. तिच्यात १०७४ क्रमांकाखाली कोणी रीतसर बंद करण्याचा हुकूम दिला ते लागते. नीट बंद न होता यंत्र पुन्हा सुरू झाले तर ४१ लागतो. त्या दिवशी दुपारी १०७४ होता, भाच्याच्या नावाने. रात्रीनंतर ४१. रात्री संगणकावर आमच्याखेरीज कोणी नव्हते. पुरावा न पाहता, चौकशीशिवाय शिक्षा केली म्हणून आम्ही उभ्या आयुष्यात मालकांशी भांडलो, आणि घरच्या पोराला आरोपपत्रही न देता दोषी ठरवले. त्याला ती नोंद दाखवली आणि चुकलो म्हणून सांगितले. तो हसला; पण त्यानंतर बरेच दिवस तो त्या संगणकाला हात लावीत नसे.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आता घरी विंडोज ११ आहे, आणि 'फास्ट स्टार्टअप' तिथेही आहे. मध्यंतरी एका मोठ्या अद्ययावतीनंतर आम्ही काढलेली खूण आपोआप परत आलेली दिसली. भाचा आता नोकरीला लागला आहे; सुटीत आला होता. पंखा घरघरताना ऐकून त्याने आधी नोंदवही उघडली आणि मग विचारले, "मामा, काल रात्री बटण कोणी दाबलं?"