अखेरचे तीन आठवडे

एम. ए.च्या अखेरच्या आठवड्यांची धांदल भोगल्यावांचून कळत नाहीं. पुण्यांतील एक विद्यार्थिनी तुकोबांच्या संसारावर प्रबंध लिहीत होती. जिजाई म्हणजे कजाग स्त्री, या ठरीव मतावर तिनें एक प्रकरण पुरें केलें होतें. तीन आठवडे उरले असतां ती इंद्रायणीकांठीं देहूस जाऊन आली. आणि परतल्यावर, मनास विसांवा म्हणून, दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' हा बोलपट पाहावयास बसली.

विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा तिला ठाऊकच होते. परंतु गौरी यांनीं उभी केलेली जिजाई पाहून ती चपापली. म्हैस सांभाळणारी, लेकरांच्या भुकेसाठीं देवाशींही भांडणारी ती माउली! तुकोबांनीं देवावर सोंपविलेला संसार अखेर कोणीं वाहिला?

बोलपट हा इतिहासाचा पुरावा नव्हे, हें ती जाणून होती. म्हणून तिनें गाथा पुन्हा उघडली. पत्नीच्या तक्रारी तुकोबांनींच अभंगांत मांडल्या आहेत. त्या तिनें या वेळीं जिजाईच्या बाजूनें वाचल्या. जुनें प्रकरण बाजूस ठेवून, चार रात्री जागून, तिनें नवें लिहिलें. प्रबंध मुदतींत पोहोंचला. पदवी तर मिळतेच; पण ऐन घाईंत आपलें मत तपासण्याचें धैर्य, हीच खरी विद्या होय.