शरीराचे राखणदार आणि एक जुना रकाना



मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नव्हे. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, बार्शीटाकळीच्या मुलांना शिकविण्यात आयुष्य घालविलेला एक मास्तर. तथापि आजचा विषय आपल्या सोयरिकींशी निगडित असल्यामुळे तो आपण ऐकून घ्यावा, ही विनंती.

हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्ताच्या पांढऱ्या पेशी तयार होतात. त्यांपैकी काहींचे कामच जंतू गिळण्याचे. गळू पिकल्यावर जो पू येतो, त्यात लढून मेलेले हे राखणदारच बहुसंख्येने असतात. त्यांचे आयुष्य अल्प. मज्जा रोज नवे अब्जावधी पाठविते. दुसरे, आकाराने थोर, रक्तातून बाहेर पडून त्वचेत, फुप्फुसांत ठाण मांडतात. त्यांना महाभक्षक पेशी म्हणतात. १८८२ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलाला काटा टोचला व दुसऱ्या दिवशी काट्याभोवती अशा पेशींचा गराडा पाहिला. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु एक जंतू असा आहे, की राखणदाराने गिळला तरी त्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो. तो कुष्ठरोगाचा, नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली तो शोधला. गिळलेल्या जंतूला मारण्यासाठी महाभक्षकाला दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडून इशारा यावा लागतो. इशारा नीट आला तर रोग एकदोन चट्ट्यांवर अडतो. न आला तर अंगभर पसरतो. अन् झुंज अनावर झाली तर आपल्याच नसा त्यात होरपळतात व बोटे वाकडी होतात. १०० पैकी सुमारे ९५ माणसांच्या अंगी मात्र या रोगाला थोपविण्याची शक्ती मुळातच असते. यात पूर्वजन्मीचे पाप कोठे आले? आणि हा रोग रक्ताच्या नात्याने उतरतही नाही.

माझ्या वर्गातील एका मुलाचा हात शेकोटीत भाजला, फोड आला, तरी त्याला कळले नाही. मनगटावरील फिकट चट्टा मी पाहिला होता. अर्थ उमगला नाही. उलट 'लक्ष कोठे असते?' म्हणून दोन छड्या दिल्या. त्या छड्या मला अद्याप आठवतात. पुढे बारा महिन्यांच्या गोळ्यांनी तो खडखडीत बरा झाला. करंगळी तेवढी वाकडी राहिली. मात्र त्याच्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. तिला तर चट्टाही नव्हता!

हे आपल्या वऱ्हाडात घडावे, याचे वाईट वाटते. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीस तपोवन उभारले ते याच रुग्णांसाठी, आणि तेव्हा हातात आजच्यासारखी औषधे नव्हती. अनेक औषधांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचविला. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, व सुरू होताच थोड्याच काळात रुग्णापासून संसर्ग होण्याचे थांबते. घटस्फोटाच्या कारणांतूनही कायद्याने २०१९ साली कुष्ठरोग वगळला.

आपल्या वधूवर-सूचक मंडळाच्या अर्जात मात्र 'घराण्यात महारोग आहे काय?' हा रकाना अजून छापला जातो. पुढील छपाईपासून तो काढून टाकावा, असा ठराव मी या सभेपुढे मांडतो. अनुमोदन कोण देणार, ते अध्यक्षांनी विचारावे.