उधारीत अडकलेला उद्योग



१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. ‘लिज्जत पापड’ची ही जन्मकथा आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. परंतु तिच्यातील एका टप्प्याकडे सहसा लक्ष जात नाही. १९६६ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने या कामास ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि ८ लाख रुपयांचे खेळते भांडवल उपलब्ध करून दिले.

त्या वेळी या भगिनी सात वर्षे स्वतःच्या बळावर उभ्या होत्या. शासकीय यंत्रणेने त्यांचा उद्योग निर्माण केला नाही. चालत्या उद्योगास वाढीच्या वळणावर नेमका हवा तो पैसा पुरविला. आज या संस्थेत सुमारे ४५ हजार भगिनी कष्टाची भाकरी सन्मानाने मिळवीत आहेत. शासकीय साह्य कसे असावे, याचा हा वस्तुपाठ होय.

आपल्या देशात अशा साह्याच्या यंत्रणांची वाण नाही. राष्ट्रीय लघुउद्योग निगम १९५५ साली स्थापन झाला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली, तर लघुउद्योग विकास बँक, म्हणजेच सिडबी, १९९० साली. तारणाविना कर्ज मिळावे म्हणून २००० साली पतहमी न्यास आला, २०१५ साली मुद्रा योजना आली. तरीही छोटे कारखाने बंद पडतात. असे का व्हावे?

एखाद्या औद्योगिक वसाहतीतील छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणावा. दोन लेथ, पाच कामगार, महिन्याला ३ लाखांची बिले. नफा शेकडा १० धरला, तर वर्षाकाठी ३ लाख ६० हजार. आता मोठी कंपनी बिलाचे पैसे १२० दिवसांनी देऊ लागली, तर या उद्योजकाचे १२ लाख रुपये कायम अडकून पडतात. म्हणजे तीन वर्षांच्या नफ्याहून अधिक! इकडे कच्चा माल रोखीने आणावा लागतो, कामगारांचा पगार थांबत नाही. बिल फाडले की त्यावरील वस्तू व सेवा कराची जबाबदारीही येते. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही, याची विचारपूस कर करीत नाही. मग पत्नीचे दागिने गहाण पडतात. वहीत नफा दिसत असतानाच कारखान्याला कुलूप लागते.

हेच पैसे ४५ दिवसांत मिळाले, तर अडकलेली रक्कम साडेचार लाखांवर येते. साडेसात लाख मोकळे होतात, तेही कोणत्याही अनुदानाशिवाय.

हा ४५ दिवसांचा आकडा कायद्यातीलच आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या मालाचे पैसे देण्याची मुदत कराराने ठरविली, तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी राज्यात परिषद आहे. २०१७ साली तक्रारीसाठी ‘समाधान’ हे संकेतस्थळही आले.

मग अडते कुठे? अडते ते भीतीपाशी. ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्याच विरुद्ध तक्रार कोण करणार? तळ्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? दुर्बळाने स्वतः उठून झगडावे, अशी ज्या कायद्याची अपेक्षा असते, तो कायदा कागदावर राहतो.

म्हणूनच पुढील दोन पावले महत्त्वाची. मुदतीत न दिलेल्या पैशांची वजावट, ते प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदारास प्राप्तिकरात मिळणार नाही, अशी तरतूद २०२३ च्या वित्त अधिनियमाने केली व ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. दुसरे पाऊल ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेचे. कंपनीने मान्य केलेले बिल तेथे मांडले की बँका त्यावर थोडी कसर घेऊन उद्योजकास लगेच पैसे देतात; पुढची वसुली बँक कंपनीकडून करते. दोन्ही ठिकाणी लहान माणसाला भांडावे लागत नाही. लिज्जतला लाभले तसे साह्य ते हेच: वेळेवर हाती येणारे खेळते भांडवल.

परंतु सारे शासनावर सोपवून चालणार नाही. उद्योजकाने ‘उद्यम’ नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवावी आणि पैशांची मुदत ऑर्डरवर लेखी घ्यावी. आपल्यापैकी अनेक जण कंपन्यांच्या, बँकांच्या, शासकीय कार्यालयांच्या हिशेब विभागांत आहेत. टेबलावर पडून राहिलेले एक बिल म्हणजे कुणाच्या तरी घरची थांबलेली चूल आहे, हे त्यांनी ध्यानी धरावे. आणि ज्यांच्या हाती अशी बिले नाहीत, त्यांनी घराकडे पाहावे. शिंपी, सुतार, डबा देणाऱ्या ताई यांचे पैसे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून आपणही लांबवीत नाही ना?

कष्टाचा मोबदला वेळेवर देणे यात उपकार कसला? ते तर देणे आहे, आणि देणे वेळेवरच फेडायचे असते.