देशप्रेम हा पूर्वग्रहच का?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हा विषय वक्तृत्व स्पर्धेला आला असता, तर आपण दोन मिनिटांत टाळ्या घेऊन खाली बसलो असतो. आज घंटा वाजवायला कुणी नाही, पण जेवणाची वेळ झालीय, म्हणून थोडक्यात बोलतो.

आक्षेप साधा आहे. जन्म कुठे घ्यायचा हे आपल्या हातात नव्हतं. मग त्याच देशाला झुकतं माप देणं हा पक्षपातच, असं काही विचारवंत म्हणतात. मला ते पटत नाही. आज आपण कुठून कुठून इथे आलो, ते सगळ्या शाळांची तुलना करून नव्हे. ही आपली शाळा, एवढं पुरलं. शेजारच्या शाळेतली मुलं बावळट आहेत असं मानायची गरज त्यासाठी पडली नाही. (आंतरशालेय सामन्यांचे दिवस सोडून!)

पूर्वग्रह ही वेगळी गोष्ट. माणूस समोर येण्याआधीच त्याचा निकाल लावून ठेवायचा. आणि देशप्रेमाच्या नावाखाली असे निकाल फार सहज लागतात, हे मात्र खरं.

आपल्या दाराशीच बघा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं, तरी आपल्या तोंडी अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ हेच आहे. भारतात राहायचं म्हणून या लोकांनी घरदार, शेतीवाडी, दुकानं मागे सोडली. आणि आपण त्यांना काय दिलं? ‘निर्वासित’ हा शब्द, आणि ‘मेड इन यूएसए’चा विनोद. तो विनोद ऐकला नाही असा माणूस ठाण्यापासून बदलापूरपर्यंत सापडायचा नाही.

राष्ट्रगीतात सिंधचं नाव आहे. सिंध आता पाकिस्तानात, तेव्हा तो शब्द काढा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २००५ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. राष्ट्रगीत म्हणजे हद्दीची नोंदवही नव्हे, असा त्या निकालाचा आशय. उल्हासनगरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो शब्द गेला असता तर काय वाटलं असतं, हे याचिका करणाऱ्याच्या मनात आलं होतं की नाही, कोण जाणे.

आता आपली प्रतिज्ञा. ती १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. ते विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रतिज्ञेखाली त्यांचं नाव नव्हतं. त्या प्रतिज्ञेत शत्रूचा उल्लेखही नाही. बांधव आहेत, विविध परंपरा आहेत, वडीलधारे आहेत.

पण त्याच १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं, आणि आसाम-बंगालकडच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. त्यात बायका-मुलंही होती. कित्येकांचा जन्म भारतातला. गुन्हा कुणावर शाबीत झाला नव्हता, पण चेहरा पुरेसा होता. काही जण तिथे वर्षानुवर्षं राहिले.

माझं आडनाव मराठी. देशावर प्रेम असल्याचा पुरावा मला आजवर कुणी मागितलेला नाही. तुमच्यापैकीही बहुतेकांना नसेल मागितला. कुणाकडे मागायचा आणि कुणाकडे नाही, हे ज्या क्षणी आडनावावरून किंवा चेहऱ्यावरून ठरतं, त्या क्षणी तो पूर्वग्रह झाला. मग मागणाऱ्याच्या हातात कुठलाही झेंडा असो.

सर, बाई, एक विनंती आहे. सिंधहून आलेली पिढी आता नव्वदीच्या आसपास आहे, आणि उल्हासनगर इथून काही फार लांब नाही. यंदा इतिहासाच्या एखाद्या तासाला त्यांच्यापैकी कुणाला तरी शाळेत बोलवा. ने-आण आमची बॅच करील.